वाढणारं ब्रेक ऑइल

नियमरावांच्या गाडीचा ब्रेक पहिल्यांदा नीट लागला नाही, तेव्हा त्यांनी आधी आपला बूट काढून पाहिला. सिग्नलपाशी त्यांनी पाय दाबला, पेडल रोजच्यापेक्षा बरंच खाली गेलं आणि गाडी पांढरा पट्टा ओलांडून चौकात नाक खुपसून थांबली. पोलिसाने शिट्टी मारली. पट्टाच चुकीच्या जागी मारलेला आहे अशा नजरेने नियमरावांनी त्याच्याकडे पाहिलं. घरी आल्यावर त्यांनी बुटाचा तळवा उजेडात धरून न्याहाळला आणि निकाल दिला की तळवा झिजला आहे. दुसऱ्या दिवशी नवे बूट आले. ब्रेक होता तिथेच, म्हणजे तळाशी राहिला.

गाडी बिघडली की साधा माणूस सरळ म्हणतो, गाडी बिघडली. नियमरावांना तसं म्हणण्याची सोय नव्हती. ते विमा कंपनीत अपघाताच्या दाव्यांचे साहेब होते. 'नियमराव' हे नाव हाताखालच्या मंडळींनी पाठीमागे ठेवलेलं; ते त्यांच्या कानावर आलं होतं आणि मनातून आवडलंही होतं. 'वाहनाची योग्य देखभाल न केल्यामुळे सदर दावा नामंजूर करण्यात येत आहे' हे वाक्य त्यांनी स्वतः घडवलं होतं. त्यातला 'सदर' नेमका कुठे बसवावा यावर त्यांनी एक अख्खी दुपार खर्ची घातली होती. ते वाक्य हातात पडल्यावर कित्येक माणसं कंपनीच्या जिन्यात बसकण मारून राहिली होती. अशा माणसाची स्वतःची गाडी ब्रेक दाबल्यावर पुढे जाते हे बाहेर फुटलं असतं, तर ऑफिसात महिनाभर दुसरा विषय निघाला नसता.

त्यातच घरात एक वेगळं प्रकरण शिजत होतं. त्यांची बायको गणिताची शिक्षिका. तिला टेकडीपलीकडच्या शाळेत मुख्याध्यापिकेची जागा चालून आली होती. शाळा नावाजलेली, मुलं कमी, ग्रंथालय मोठं. पण तिकडे जाणारी बस केव्हा येते हे फक्त त्या बसला माहीत. जायचं तर गाडी हवी. परवाना तिने केव्हाच काढला होता आणि तो पर्समध्ये बाळगून ती पायी हिंडत होती, कारण किल्ली नियमरावांच्या खिशात असे. होकार महिनाअखेर कळवायचा होता.

"तुमचं ऑफिस चालत जाण्यासारखं आहे," ती म्हणाली. "गाडी मी नेत जाईन."

"ने की! मी कधी नाही म्हटलंय?" नियमराव पेपरमागून म्हणाले. "पण तू ब्रेकवर पाय ठेवून चालवतेस. मागे तू गेटपर्यंत नेलीस ना, तेव्हापासून ब्रेक जरा हळवा झालाय."

"गेटपर्यंत मी पहिल्या गिअरमध्ये नेली होती. तीही गेल्या वर्षी."

"ब्रेकला तारीख कळत नाही," नियमराव म्हणाले आणि पेपर वर केला. पेपर वर करणं म्हणजे सुनावणी संपली, हे घरात सगळ्यांना पाठ होतं.

मग एके सकाळी गाडीतला लाल दिवा लागला. लाल दिव्याला बूट जबाबदार धरता येत नाही, म्हणून नियमरावांनी नाइलाजाने बॉनेट उघडलं. ब्रेक ऑइलची छोटी डबी असते, तिच्यावर कमाल आणि किमान अशा दोन रेघा असतात. ऑइल किमानच्याही खाली जाऊन बसलं होतं. नियमरावांनी इकडेतिकडे पाहिलं, कोपऱ्यावरच्या दुकानातून बाटली आणली, डबी भरली आणि बाटली सीटखाली दडवली. दिवा विझला. आठवड्याने तो पुन्हा लागला, पुन्हा भरली, पुन्हा विझला. हा उद्योग त्यांनी इतक्या गुपचूप चालवला, की जणू सीटखाली दारूची बाटली होती. पण बॉनेट उघडं ठेवून उभा असलेला माणूस इमारतीतल्या लोकांना चौथ्या मजल्यावरूनही दिसतो, आणि दिसला की त्याला सल्ला दिल्याशिवाय घास घशाखाली उतरत नाही.

पहिले उतरले वरच्या मजल्यावरचे निवृत्त प्राध्यापक. पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झाले, पण पदार्थविज्ञान काही त्यांच्यातून निवृत्त झालं नव्हतं.

"कमी होतंय? अशक्य!" ते डबीत डोकावत म्हणाले. "पदार्थ नाहीसा होत नाही हो. तो कुठेतरी असतोच. फक्त स्थान बदलतो."

"हो, पण कुठे?"

"तो तपशील झाला," प्राध्यापक म्हणाले. तपशिलात शिरणं त्यांना आयुष्यभर कमीपणाचं वाटत आलं होतं.

पाठोपाठ सोसायटीचा सेक्रेटरी आला. त्याला ऑइलचं सोयरसुतक नव्हतं, त्याला पार्किंगच्या फरशीची काळजी होती. त्या फरशीवर इमारत बांधली तेव्हापासूनचे काळे डाग होते आणि ते नेमके कुणाचे, हा त्याच्या कारकिर्दीचा ध्यास होता. बॉनेट उघडं पाहताच त्याचे डोळे चमकले.

"म्हणजे डाग तुमचा तर!"

"माझी गाडी इथे यायच्या आधीपासून आहे तो डाग."

"पण त्यात भर तुमचीच ना?"

नियमरावांना हा आरोप झोंबला. गाडीखाली पुठ्ठा अंथरावा, रात्रभर ठेवावा, सकाळी कुठल्या चाकापाशी थेंब पडला ते पाहावं म्हणजे दूध का दूध होईल, असं त्यांनी ठरवलं. पण सामाईक जागेत वस्तू ठेवायची तर अर्ज लागतो, हे सेक्रेटरीने त्यांना ऐकवलं. पुठ्ठा ही वस्तू आहे का, यावर दोघांची पाऊण तास जुंपली. आयुष्यभर लोकांच्या अर्जांतली काना-मात्रा तपासणाऱ्या माणसाचा अर्ज सेक्रेटरीने 'पुठ्ठ्याची लांबी-रुंदी नमूद नाही' म्हणून परत केला. त्या रात्री नियमराव जेवले नाहीत.

अखेर परवानगी मिळाली आणि पुठ्ठा अंथरला. सकाळी पाहतात तो पुठ्ठा गायब! झाडणाऱ्या मावशींनी तो कचरा म्हणून उचलून नेला होता. दुसरा अंथरला, तोही गेला. तिसऱ्यावर नियमरावांनी मोठ्या अक्षरात 'हा कचरा नाही' असं लिहिलं. मावशींनी तो वाचला, "सगळे असंच म्हणतात," असं म्हणाल्या आणि नेला. शेवटी भल्या पहाटे मावशींच्या आधी उठून नियमराव गाडीखाली आडवे झाले, तेव्हा चौथा पुठ्ठा कोरडा ठणठणीत होता. शर्टाला मात्र इमारतीइतका जुना डाग लागला. प्राध्यापक फिरायला निघाले होते. त्यांनी वाकून विचारलं, "सापडला का पदार्थ?"

मग नियमराव गाडी घेऊन उस्तादाकडे गेले. उस्तादाचं गॅरेज बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत होतं आणि तो नुसत्या आवाजावरून गाडीचं दुखणं सांगतो अशी ख्याती होती. ही ख्याती त्यानेच पसरवली होती. तो गाडीत बसला, डोळे मिटले, पेडल तीन-चारदा दाबलं. पहिल्यांदा ते खाली गेलं, मग हळूहळू वर आलं.

"हवा," तो डोळे न उघडता म्हणाला. "नळीत हवा धरलीय."

हवा काढली. चार दिवस ब्रेक लागला, मग पुन्हा पेडल तळाशी. उस्तादाने ऑइल चाकांकडे ढकलणारा मास्टर सिलिंडर बदलला. तो बदलल्यावर ऑइल जरा जोमाने कमी होऊ लागलं.

"मागची चाकं खोलून बघायची का?" नियमरावांनी भीत भीत विचारलं.

उस्तादाने त्यांच्याकडे दयेने पाहिलं. "साहेब, चाकातून गळलं असतं तर खाली डाग पडला असता. डाग आहे?"

"नाही."

"मग गळती नाही. तुम्हाला भास होतोय. असं करा, डबीवर रेघ मारा आणि आठवडाभर एक थेंबही घालू नका. बघू कसं कमी होतं ते."

हे नियमरावांना मनापासून पटलं. पुराव्यावाचून बोलणाऱ्यांचे दावे त्यांनी जन्मभर फेटाळले होते. नामंजूर लिहायचं लाल पेन त्यांनी ऑफिसातून घरी आणलं, त्याने डबीवर रेघ मारली आणि रात्रीच्या जेवणाला घरात जाहीर केलं, "प्रयोग चालू आहे. गाडीच्या डबीला कुणी हात लावायचा नाही."

टेबलाशी बायको होती आणि त्यांचे वडील अण्णा होते. अण्णा जुन्या काळचे शिंपी. नजर मंदावली तसं दुकान बंद केलं, पण शिवणयंत्र खिडकीशी ठेवलेलं होतं आणि रोज सकाळी ते त्याला तेल घालून एकदा फिरवून ठेवत. अण्णांनी मान डोलावली. बायकोने भाजी वाढली. नियमरावांनी हे दोन्ही होकार धरले.

दुसऱ्या दिवशी ऑइल रेघेला चिकटून होतं. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी नियमरावांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं, कारण ऑइल रेघेच्या वर आलं होतं. आठवडा संपता संपता ते कमालच्या रेघेला टेकलं.

गळणाऱ्या गाड्या जगात पुष्कळ आहेत, पण ऑइल वाढवणारी गाडी नियमरावांचीच. पार्किंगमध्ये दर्शनाला गर्दी जमली. उस्तादाला बोलावणं गेलं, तो आला, डबी पाहिली आणि म्हणाला, "माझा सिलिंडर सेट झाला." सेक्रेटरीने वाढलेलं ऑइल सामाईक मालकीचं ठरतं का, याची चौकशी केली. प्राध्यापकांना तर भरून आलं. उष्णतेने द्रव प्रसरण पावतो, हे त्यांनी सेक्रेटरीला इतकं समजावलं की सेक्रेटरीच घामाघूम झाला.

"पण ब्रेक अजून मऊच लागतोय," नियमराव हळूच पुटपुटले.

"ऑइल पुरेसं आहे ना?" प्राध्यापक म्हणाले. "मग ब्रेक मऊ असूच शकत नाही. तुमचा पाय जड झाला असेल."

एवढे सगळे जाणकार एका बाजूला आणि एकटा पाय एका बाजूला. नियमरावांनी पायाची साक्ष ग्राह्य धरली नाही. उलट त्यांची छाती फुगली. घरी येऊन त्यांनी बायकोला निकाल ऐकवला, "गाडीत दोष नाही. सिद्ध झालंय. म्हणजे दोष चालवण्यात होता. तेव्हा टेकडीचा उतार तुझ्या हाती देणं मला काही..."

खिडकीशी असलेलं शिवणयंत्र अलीकडे फार कुरकुरत होतं. अण्णा ते फिरवायचे थांबले.

बायको हातातल्या वह्या बाजूला ठेवत म्हणाली, "गाडीत दोष नाही ना? मग आधी तुम्ही चालवून दाखवा. टेकडीवर नको, इथेच पार्किंगच्या उतारावर. मी शेजारी बसते. गाडी थांबली तर मी शाळेला नाही म्हणून कळवते."

ती हे इतक्या शांतपणे म्हणाली, की नियमरावांना क्षणभर बरं वाटलं नाही. पण शब्द निघून गेला होता आणि रविवारी सकाळी प्रात्यक्षिक आहे ही बातमी त्यांच्या आधी खाली पोचली होती.

पार्किंगमध्ये शिरायला वरून उतार आहे आणि त्याच्या पायथ्याशी सोसायटीचा सूचनाफलक. फलकावर त्या दिवशी एकच सूचना होती, डागांविषयी. तिच्या शेजारी सेक्रेटरी, प्राध्यापक आणि उस्ताद हाताची घडी घालून उभे होते. नियमरावांनी नवे बूट घातले होते. बायको शेजारच्या सीटवर बसली. तिने पट्टा लावला आणि एक हात सहज म्हणून मधल्या हँडब्रेकवर ठेवला.

"तिथे हात कशाला?" नियमरावांनी विचारलं.

"असू दे," ती म्हणाली.

गाडी उताराला लागली. नियमरावांनी फलकाच्या बरंच आधी, पुस्तकात सांगतात तसा, संथपणे ब्रेक दाबला. पेडल लोण्यात सुरी जावी तसं तळापर्यंत गेलं आणि तिथेच राहिलं. त्यांनी पंप मारला, पुन्हा मारला. पेडल वर यायचं नाव घेईना. फलकाजवळची मंडळी आधी हसली, मग गाडी थांबत नाही हे त्यांच्या ध्यानात आलं. पदार्थ स्थान बदलतो म्हणणाऱ्या प्राध्यापकांनी या वयात ज्या चपळाईने स्थान बदललं, ते बघण्यासारखं होतं. त्या दोन क्षणांत नियमरावांना पार्किंग दिसत नव्हतं. त्यांना टेकडीचा उतार दिसत होता आणि त्या उतारावर या गाडीत एकटी बसलेली आपली बायको. तेवढ्यात तिने हँडब्रेक ओढला. गाडी किंचाळत गेली, फलकाला टेकली, आणि थांबली. फलक मात्र थोडा वेळ विचार करून मग सेक्रेटरीच्या पायाशी आडवा झाला.

जिन्यातून अण्णा धडपडत उतरले. त्यांच्या हातात शिवणयंत्राच्या तेलाची डबी होती.

"काय रे, लागलं नाही ना कुणाला?" त्यांनी आधी सुनेला हात लावून पाहिलं, मग लेकाला. "तेल कमी पडलं का? मी तर रोज रात्री तुझ्या खिशातली किल्ली घेऊन घालत होतो!"

"काय घालत होतात?" नियमरावांनी विचारलं.

"यंत्राचं तेल. चांगल्यातलं आहे. तू रोज सकाळी तोंड पाडून उभा राहायचास त्या डबीपुढे, मला बघवेना. हात लावू नका म्हणालास, पण म्हटलं पोराची फजिती नको."

नियमरावांनी बायकोकडे पाहिलं. ती ओढणीच्या टोकाने कपाळ पुसत होती.

"यंत्राचं तेल मला माहीत नव्हतं," ती म्हणाली. "मला वाटलं मीच जास्त घालतेय."

"तूसुद्धा?"

"दुकानातलं बरोबरचं ऑइल घालत होते. पहाटे, तुम्ही उठायच्या आत, तीच किल्ली घेऊन. तुम्ही त्याच गाडीतून ऑफिसला जाता. डबी रिकामी होत होती आणि तुम्ही रेघ बघत बसला होतात. मी काय करणार होते?"

"मग सांगायचं ना मला!"

"सांगितलं असतं तर ब्रेक अजून हळवा झाला असता."

नियमरावांना बायकोचा राग आला नाही, वडिलांचाही आला नाही. आपण आठवडाभर ज्याला पुरावा म्हणून मिरवत होतो, ती नुसती या दोघांची माया होती, एवढंच त्यांना कळलं, आणि माणसाला एवढी लाज एका वेळी वाटू शकते हेही.

उस्तादाने गाडी ओढून नेली. आतले सगळे रबर त्या तेलाने फुगून पावासारखे झाले होते. या वेळी त्याने मागचं चाकही खोललं, आणि पाहतो तो चाकातला ब्रेकचा ड्रम आतून ऑइलने चिंब. चाकाचा सिलिंडर गळत होता, गळलेलं सगळं ड्रमच्या आतच मुरत होतं, म्हणून जमिनीवर थेंब नव्हता. पदार्थ सापडला. उस्तादाने हात पुसले आणि गंभीरपणे सांगितलं, "मी म्हणतच होतो, चाक खोलू."

सगळ्या नळ्या धुऊन, सगळे रबर बदलून, मागच्या दोन्ही चाकांचे सिलिंडर नवे बसवून गाडी परत आली. नियमरावांनी बंपरसाठी आणि सेक्रेटरीच्या फलकासाठी आपल्याच कंपनीत दावा टाकला. नियमानुसार तो त्यांच्या टेबलावर न येता हाताखालच्या माणसाकडे गेला. उत्तर लगेच आलं. 'वाहनाची योग्य देखभाल न केल्यामुळे सदर दावा नामंजूर करण्यात येत आहे.' नियमरावांनी ते पुन्हा पुन्हा वाचलं, चूक शोधली. 'सदर' अगदी जागच्या जागी होता. त्यांनी उठून त्या माणसाची पाठ थोपटली आणि मग जिन्यात जाऊन थोडा वेळ बसले.

शाळा सुरू होण्याच्या सकाळी त्यांनी किल्ली स्वतः बायकोच्या हातात दिली. "पहिल्या दिवशी मी येतो सोबत," ते म्हणाले. "रस्ता दाखवायला."

"रस्ता मला माहीत आहे."

"मग नुसता येतो."

अण्णा खिडकीत उभे होते. त्यांच्या यंत्राला नवं तेल मिळालं होतं आणि ते पुन्हा गप्प चालू लागलं होतं. सेक्रेटरीने गाडीखालची फरशी तपासून पाहिली आणि हात हलवला. बायकोने आरसा नीट केला, पट्टा लावला आणि गाडी इतकी अलगद बाहेर काढली, की नियमरावांना टोकायला काही सापडेना.

टेकडीच्या माथ्यावरून उतार लागला. खाली लांबवर शाळेचं छप्पर दिसत होतं. वळण आलं की ती आधीच वेग कमी करी, पेडल हलकेच दाबी, गाडी मुकाट ऐके. नियमराव समोर बघत बसले होते, चेहरा निश्चिंत, हात मांडीवर. त्यांचा उजवा पाय तेवढा प्रत्येक वळणाला आपल्यापुढची मोकळी जागा जीव खाऊन दाबत होता.

बायकोने ते पाहिलं. "लागतोय का नीट?" तिने विचारलं.

नियमरावांनी पुन्हा एकदा दाबून पाहिलं. "उत्तम," ते म्हणाले.